एकाच चरातल्या दोन केबली

११ डिसेंबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. फाटकाबाहेर रस्ता खोदलेला होता. चरात दोन वेगळ्या कंपन्यांच्या केबली, एक काळी, एक नारिंगी, एकमेकींना चिकटून पडल्या होत्या.

आयुष्यभर मी बँकांच्या व्यवहारांसाठी जोडण्या आखल्या. मुख्य संगणकापर्यंत दोन जोडण्या ठेवायच्या, काम दोघींत वाटायचे. एक गप्प झाली की दुसरीने सारा भार उचलायचा. नकाशात त्या दोन वाटांनी जात. जमिनीत मात्र खोदणारे सोयीसाठी दोन्ही एकाच चरात पुरीत, आणि मग कुदळीचा एक घाव पुरेसा होई. ते भय मी घरी आणले. दोन्ही मुलांना एका गाडीने कधी प्रवास करू दिला नाही. त्यांची आई हसायची.

आज दोघे तिच्या अस्थी घेऊन नाशिकला निघाले. गुडघ्यांमुळे मी जाणार नव्हतो. मी म्हणालो, "दोन गाड्या न्या."

"बाबा, आम्ही काय तुमच्या केबली आहोत?" धाकटा म्हणाला.

थोरला हसला नाही. कलश छातीशी धरून तो म्हणाला, "आईला दोन गाड्यांत कसं न्यायचं, बाबा?"

तिला वाटून पाठवण्याची सोय माझ्या कोणत्याही आराखड्यात नव्हती. मी फाटक उघडले. चरावर टाकलेला लोखंडी पत्रा गाडीखाली वाजला. तो आवाज गाडी दिसेनाशी झाल्यावरही माझ्या कानांत थांबला नाही.

घरात येऊन मी दुसऱ्या गाडीची किल्ली खुंटीला अडकवली.