चिंच-राखेनं घासलेला सम्राट

आमच्या मोहाडीच्या घरात बी.ए. झालेली मीच पहिली. बाबा हातमागावर विणतात, आई त्यांना सुताच्या कांड्या भरून देते. हे मी कुठेही ताठ मानेनं सांगते.

एम.ए.ला प्राचीन इतिहास शिकवणाऱ्या सरांनी त्यांच्या संग्रहातलं तांब्याचं एक नाणं चित्र काढायला घरी दिलं. सीरिया जिंकल्यावर तिथे अरबांनी पाडलेलं. लोकांना जुन्या नाण्यांची सवय, म्हणून छाप बायझंटाईन सम्राटाचाच ठेवला. मागच्या बाजूला पायऱ्यांवर उभ्या क्रूसाची आडवी दांडी तेवढी काढली, नुसता खांब उरला. कडेला एक अरबी शब्द. चित्र जमलं तर संग्रहाची यादी करायचं काम मला मिळणार होतं. त्यावरच माझी पुढची पीएचडी अवलंबून होती.

दिवाळी चार दिवसांवर आलेली. दुपारी अंघोळ करून आले, चित्राला बसावं म्हटलं, तर टेबलावर नाणं नाही.

"आई, इथलं नाणं?"

"तांब्याच्या गुंड-गडव्यासंग चिंच-राख लावून घासलं. केवढं हिरवं झालं होतं ते! तुह्या कॉलेजात कोणाले तांबं घासता येत नाई का वं?"

नाणं गुलाबी चकचकीत झालं होतं. सम्राटाचं तोंड सपाट. शब्दावर बोट फिरवलं, काहीच लागेना. जुन्या तांब्याची नक्षी त्या हिरव्या थरातच टिकलेली असते, हे मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना भंडाऱ्याच्या बसमध्ये मी खोटंच जुळवत बसले.

सरांनी भिंग लावलं.

"कोणी घासलं?"

"मी."

"तू? मग दोन वर्षं मी काय शिकवलं?"

"आईनं घासलं, सर."

"हे काय आहे, ते तिला सांगितलं होतंस?"

नव्हतं सांगितलं. तिला काय कळणार, असं मला वाटलं होतं. तेवढं मात्र सरांपुढे बोलायची हिंमत झाली नाही.

सरांनी बाकीच्या नाण्यांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. "यादीचं कळवतो," एवढंच म्हणाले.

घरी येऊन आईला समोर बसवलं. सम्राट, खांब, शब्द, सगळं सांगितलं.

"मंग मले हे पयले काहून नाई सांगितलं?" ती म्हणाली. मग हळूच, "तुहं काम जाते का आता?"

या गोष्टीला तीन आठवडे झाले. सरांचा फोन नाही. मोबाइल वाजला की मी दचकते, आणि आईच्या हातातली कांडी थांबते.