फादरच्या हातची बोवनी

येसूबाईला हेवा करायला कारण लागत नसे, नुसती गोजरा पुरे. दोघी सख्ख्या जावा, दोघी सारसोळ्याच्या कोळणी. नेरुळला आमच्या चर्चच्या फाटकाबाहेर एकाच गुलमोहराखाली दोघींच्या माशांच्या पाट्या शेजारी शेजारी असत. सावली सरकली की येसूबाई आधी गोजराकडे किती गेली ते बघायची आणि मग आपल्याकडे किती उरली ते. गोजराला मुलगा झाला तेव्हा हिला हेवा वाटला. गोजराने घरावर स्लॅब टाकला तेव्हाही वाटला. आणि गोजराचा नवरा वारला तेव्हा सगळा कोळीवाडा तिच्या दारात जमला, म्हणून त्याचासुद्धा थोडा वाटला. हे शेवटचं तिनेच मला सांगितलं, पापलेट साफ करता करता.

मी तिची रोजची गिऱ्हाईक. मूळची वसईची, नवऱ्याच्या नोकरीपायी नेरुळला आलेली. मराठी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बायबलमधली वाचनं मी करते. तोंडाने फटकळ आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

आमचे फादर इनासही वसईकडचे. नव्वदच्या सुमाराला ते आमच्या चर्चला आले तेव्हा त्यांच्या कूकने पहिल्याच आठवड्यात त्यांना शिळी सुरमई खाऊ घातली. वसईचा माणूस दुसरं काहीही सहन करील, पण शिळा मासा नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळची मिस्सा आटोपली की फादर स्वतः कापडी पिशवी घेऊन फाटकाबाहेर यायला लागले. इतक्या सकाळी दुसरं कोणी गिऱ्हाईक नसायचं. फाटकाकडून आलं की पहिली पाटी येसूबाईची. म्हणून तिची बोहनी, तिच्या भाषेत बोवनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, फादरच्या हातची व्हायला लागली.

बोहनीची नोट येसूबाई आधी पाटीच्या कडेला लावायची, मग कपाळाला, आणि एकविरेचं नाव घ्यायची. फादर पांढऱ्या झग्यात समोर उभे राहून हसायचे. मग तिची पाटी बघता बघता रिकामी व्हायची. माझ्या मते ती तोंडाने गोड होती आणि मासा साफ करून द्यायची, म्हणून. तिच्या मते हा फादरच्या हाताचा गुण.

"पादरी तुजा कोन लागतं गो?" गोजरा एकदा म्हणाली. "एक दिस माज्याकडना घेतलं तं काय व्हईल?"

येसूबाई मासे निवडत राहिली. पण त्या दिवसापासून फादर फाटकातून बाहेर पडले की ती उठून दोन पाट्यांच्या मधे उभी राहायची आणि त्यांच्या हातातली पिशवी स्वतःच काढून घ्यायची. एकदा ती तापाने फणफणली होती. गोजरा बोहनी घेईल या धास्तीने ती अंगावर गोधडी घेऊन येऊन बसली. पाटीत चार बोंबील होते, तेही आदल्या दिवशीचे. फादरनी मुकाट्याने घेतले. त्या दुपारी फादरांच्या घरी कोणी काय खाल्लं हे मी विचारायला गेले नाही.

फादर रविवारच्या प्रवचनात पाटीवरच्या गोष्टी आणायचे. एकदा म्हणाले, "मासा ताजा आहे की नाही हे नुसत्या चकाकीवरून ठरवू नका, असं मला येसूबाईंनी शिकवलं. बर्फावर सगळेच मासे चकाकतात. कल्ला उचलून आत लाल आहे का बघायचं. आपण रविवारी चर्चमध्ये बसतो ते बर्फावर बसतो. तुमची श्रद्धा बघायची तर सोमवारी बघावी, दुकानात, कचेरीत, सासू-सुनेच्या स्वयंपाकघरात." लोक हसले. मी हसले नाही. बायबलच्या वर्गात वर्षानुवर्षं पहिल्या बाकावर बसून मी त्यांना एवढे प्रश्न विचारले, त्यातला एकही कधी प्रवचनात आला नाही आणि कोळणीचा कल्ला आला. तेव्हा मत्सर म्हणजे काय हे मला कोणी समजावायला नको.

मग फादर बिशप झाले. दूरच्या एका धर्मप्रांतावर त्यांची नेमणूक झाली आणि निरोप घेऊन ते गेले. मी येसूबाईला समजावलं की बिशप म्हणजे पुष्कळ फादरांचा मुख्य.

"ता जाऊ दे," ती म्हणाली. "तं तिथं मावरं कोन देतं त्याला?"

"समुद्र नाही गं तिथे. तळ्यातले, गोड्या पाण्यातले मासे मिळत असतील."

"गोऱ्या पान्याचं मावरं?" तिने नाक मुरडलं. मग थोडा वेळ कोयतीवर नुसती बोटं फिरवत बसली. "आनी इकाया कोन बसते तिथं? म्हातारी हाय का तरनी?"

जी बाई तिने कधी पाहिली नव्हती, जी कदाचित जगात नव्हतीच, तिचाही तिला हेवा वाटत होता. त्यानंतर तिचा धंदा मंदावला. नवे फादर शाकाहाराकडे झुकलेले होते आणि खाडीचं पाणीही कारखान्यांनी नासवलं होतं. पण ती म्हणायची, बोवनीचा हात गेला.

दोन-तीन वर्षांनी बातमी आली की मुलांच्या दृढीकरणाच्या, म्हणजे त्यांची श्रद्धा पक्की करण्याच्या, विधीला बिशप इनास स्वतः येणार आहेत. तारीख रविवारची होती. येसूबाईने नवऱ्याच्या मागे टुमणं लावलं. गणू आता जाळं फारसं टाकत नसे, पण बायकोच्या तोंडापुढे तो होडी घेऊन खाडीत गेला आणि देवाच्या कृपेने जिताडा घेऊन आला. आमच्या भागात जिताडा म्हणजे मान. जावयाला द्यावा, व्याह्याला द्यावा. बर्फात ठेवून वर ओलं गोणपाट टाकून तिने तो पाटीत आणला.

"भेट देणार?" मी विचारलं.

"भेट कशाला? इकनार. भेटीनं बोवनी व्हत नाय."

आणि इथेच तिने चूक केली. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, तिने परत पाठवलं. दुसरं आलं, त्यालाही पाठवलं. "माजी बोवनी व्हयाची हाय, मंग ये." कोळीण नुकसान सोसेल, पण पहिलं गिऱ्हाईक विन्मुख पाठवत नाही. गोजराने कपाळावर हात मारून घेतला.

"वयनी, दारची लक्षुमी परत धाडतेस?"

"तू तुजं बघ."

गोजरा आपलं बघायला लागली. येसूबाईने परतवलेलं प्रत्येक गिऱ्हाईक एक पाऊल पुढे टाकून तिच्याकडे जात होतं. वर्षानुवर्षांची माणसं, कोणाला कोलंबी सोलून लागते आणि कोणाला डोकं ठेवून लागतं हे जिला पाठ, तिच्या डोळ्यांदेखत जावेच्या पाटीवर वाकत होती. येसूबाई आतून जळत होती. पण हटली नाही.

बिशपांची गाडी आली ती थेट फाटकातून आत गेली. हार, बँड, जांभळी टोपी. खिडकीतून त्यांनी बाहेर बघितलं की नाही, देव जाणे. फाटक लागलं.

मी आत बाकावर होते. प्रवचनात बिशप म्हणाले, "या फाटकाबाहेर एक कोळीण बसते. दिवसाचे पहिले पैसे हातात आले की ती ते कपाळाला लावते. मी रोज सकाळी मिस्सा अर्पण करतो आणि न्याहारी होईपर्यंत विसरून जातो. तिला निदान पाटी रिकामी होईपर्यंत आठवण असते." पुन्हा तिचीच गोष्ट, माझी नाही. तरी विधी संपल्याबरोबर मी बाहेर पळत गेले आणि येसूबाईला सगळं सांगितलं.

"नाव घेतलं माजं?"

"नाव नाही घेतलं. एक कोळीण म्हणाले."

तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून गोजराकडे पाहिलं. "मंग ही बी म्हनंल, मीच ती."

गोजराची पाटी तोवर धुऊन पालथी पडली होती. एरवी ती लगेच घरी जायची, आज मात्र अजून बसून होती. येसूबाईचा बर्फ वितळला होता आणि गोणपाटाखालचा जिताडा आता फार वेळ काढणार नव्हता.

तेवढ्यात बिशप पायी बाहेर आले. मागे पॅरिश कौन्सिलचे, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाचे, अध्यक्ष जेवणाची घाई करत होते. बिशप सरळ पाटीपाशी आले आणि झगा सावरून उकिडवे बसले.

"येसूबाय, अजून पाटी भरलेली? असं कसं?"

"तुजी वाट बघतं फादर. बोवनी नाय झाली."

त्यांनी जिताड्याचा कल्ला उचलून पाहिला. लाल होता. ते हसले, पण हसणं टिकलं नाही. "मला आता बाजारात कोणी जाऊ देत नाही," ते म्हणाले. "तुमचा हेवा वाटतो मला. सकाळी पाटी भरलेली, दुपारी रिकामी. काम झालं की नाही ते कळतं तुम्हांला. माझं काम झालं की नाही हे मला संध्याकाळी कोण सांगणार?"

"तुला हेवा वाटतं?" येसूबाई म्हणाली. "मंग आमी काय करावं?"

बिशपांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा. पैसे सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी आत मुलांचे फोटो काढण्यात अडकलेला. अध्यक्षांनी पाकीट पुढे केलं, पण येसूबाईने मान हलवली. तिला त्यांच्या हातची बोहनी नको होती. "मग उधार लिहा," अध्यक्ष चिडून म्हणाले. बोहनी उधार होत नाही हे त्यांना कोण सांगणार. येसूबाईचा चेहरा पडला. एवढी वर्षं मधे उभी राहून जो हात तिने राखला होता, तो समोर होता आणि मोकळा होता.

मग गोजरा उठली. कमरेच्या चंचीतून तिने नोट काढली आणि बिशपांच्या तळहातावर ठेवली.

"घे. दे तिला."

बिशपांनी नोटेकडे पाहिलं. "मग ही बोहनी माझी की तुझी, गोजरा?"

"हात तुजा, नोट माजी. सकालपासना तिचीच गिराइकं माज्याकडं आली. आता चालंल का नाय, ता तिला इचार."

घेतली तर जावेचा पैसा, नाही घेतली तर रिकाम्या हाताने घरी जायचं. येसूबाईने बराच वेळ हात पुढे केला नाही. मग केला. नोट पाटीला लावली, कपाळाला लावली आणि एकविरेचं नाव घेतलं. ती रडत होती, आणि गोजरासमोर रडावं लागतंय याची तिला भयंकर लाज वाटत होती.

बिशप मासा घेऊन आत गेले. त्यांनी घेतला म्हटल्यावर दृढीकरणाला आलेली सगळी कुटुंबं पाटीवर तुटून पडली. बघता बघता बोंबीलसुद्धा उरला नाही.

"बघ, फादरच्या हाताचा गुण," मी म्हणाले.

ती पाटी धूत होती. "हात फादरचा," ती हळू म्हणाली. "पन नोट?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांगडे घ्यायला गेले तर तिने मला थांबवलं. गोजरा यायची होती. ती आली, बसली. तिच्याकडे न बघता येसूबाई म्हणाली, "एक बोंबील घे माज्याकडना. रोख."

"माज्या पाटीत हायेत की बोंबील."

"असूं दे. घे."

गोजराने घेतला. तेव्हापासून रोज घेते. पावसाळ्यानंतर करावे गावची एक कोळीण समोर येऊन बसायला लागली. तिच्या कानावर हे गेलं, आणि एके सकाळी ती गोजराला म्हणाली, आज माझी बोवनी तू कर. गोजरा उठणार तेवढ्यात येसूबाई दोघींच्या मधे येऊन उभी राहिली, अगदी पूर्वी राहायची तशी.

"हिचा हात आमच्या घरचा हाय," ती म्हणाली. "तुला पायजे तं तुज्या जावंचा घे."