मुदत संपलेला भाग

‘या भागाची मुदत संपली आहे.’ वहिनींच्या टॅबवर ही अक्षरं उमटली आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची, विलासची बायको. विलास गेल्या वर्षी गेला. त्याआधी त्याने एका वेब मालिकेत बँकेतल्या कॅशियरचं चिमुकलं काम केलं होतं. ते त्याच्या आईने पाहिलं नव्हतं. तिच्या गावात रेंज येत नाही, म्हणून वहिनींनी तो भाग डाउनलोड करून ठेवला होता आणि आज आम्ही तो दाखवायला आलो होतो.

“सारखा लावून खराब होईल, म्हणून डाउनलोड केल्यावर एकदाही उघडला नाही हो भाऊजी,” वहिनी पुटपुटल्या.

ठेवणीतली पैठणी घडीवर विरते, पण विरली तरी कपाटातच असते. इथे कपाटाला कुलूप असताना कोणीतरी घडीच उचलून नेली होती. ‘कधीही, कुठेही पाहा’ असं ऐटीत सांगणाऱ्या त्या अ‍ॅपने जाताना साधा निरोपही घेतला नव्हता. डाउनलोड केलं म्हणजे आपलं झालं, असं मीही इतकी वर्षं समजत होतो.

पलंगावर बसलेली विलासची आई रिकाम्या पडद्याकडे पाहत होती.

“राहू दे गं,” ती सुनेला म्हणाली. “काय बोलला होता तो त्यात?”

“‘पुढच्या खिडकीवर जा.’ एवढंच.”

“रागावून?”

“नाही आई. हळूच म्हणाले.”