न छापलेला प्रश्न

मीनाक्षी मूळची नागपूरची. संख्याशास्त्र शिकलेली, आणि बरीच वर्षं अमेरिकेत, पार्सिपनीतल्या एका छोट्या कंपनीत लोकमताचे सर्व्हे करणारी. कुठला साबण घेता इथपासून मत कुणाला देणार इथपर्यंत, जगभरची माणसं काय म्हणतात ते ती इथे बसून मोजायची. घरात नोकरी आता तिची एकटीचीच उरली होती. तिचा नवरा रवींद्र याची नोकरी आदल्या वर्षी लेऑफमध्ये गेली, तेव्हापासून तो आणि त्यांची अकरावीतली मुलगी कादंबरी, दोघंही तिच्याच व्हिसाच्या आधारानं राहत होते. ग्रीन कार्डची रांग हलायचं नाव घेत नव्हती.

अशात एका ब्रिटिश संस्थेचं काम आलं. ब्रिटननं युरोपीय संघात परत जावं म्हणून चळवळ करणारी संस्था. मीनाक्षीनं प्रश्न बसवले. पहिला अगदी साधा: परत जावं का? त्याच्या पाठोपाठ दुसरा: त्यासाठी पाउंड सोडून युरो घ्यावा लागला, तरी जावं का? पहिल्याला निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले. दुसऱ्याला त्यातले कितीतरी जण मागे फिरले.

संस्थेला दुसरा प्रश्न अहवालात नको होता.

कंपनीचा मालक गिरीशही मराठी, पन्नाशी उलटलेला. मीनाक्षीला भारतातून इथे त्यानंच आणलेलं. तिला केबिनमध्ये बोलावून तो म्हणाला, "अगं, खोटं काही लिहायचं नाहीये. एक टेबल फक्त डिलीट कर."

"पण गिरीशदादा, लोकांनी उत्तर दिलंय त्याचं."

"पहिल्याचंही दिलंय ना? ते छापतोय की. हा क्लायंट गेला तर मी पगार कुठून देऊ तुम्हाला?"

तिनं ते टेबल काढून टाकलं. घरी आली, कुकर लावला, कादंबरीशी परीक्षेबद्दल बोलली. पण एक उत्तर काही केल्या डोक्यातून जाईना. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावातली म्हातारी बाई. शेवटच्या मोकळ्या जागेत तिनं लिहिलं होतं, माझा मुलगा पोर्तुगालला असतो, मला परत संघात जायला हवंय, पण माझं पेन्शन युरोत नको. दोन्ही लिहून घ्या, नुसतं अर्धं नको.

पुढच्या आठवड्यात गिरीशनं आणखी एक कागद तिच्यापुढे सरकवला. विचारलेले सगळे प्रश्न आम्ही जाहीर केले आहेत, असं निवेदन. त्यावर सर्व्हे करणारीची सही हवी होती.

"हे नाही जमणार मला."

गिरीश खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिला. "तुझा व्हिसा कुणावर आहे, हे माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तुला काय पडलंय गं त्या देशाचं?"

"देशाचं नाही हो," एवढंच ती म्हणाली. सही मात्र तिनं केली नाही.

शेवटी सही गिरीशनं स्वतःच केली, आणि काम कमी झाल्याचं कारण देऊन तिला काढून टाकलं.

घरी येऊन तिनं रवींद्रला सगळं सांगितलं. तो एकदम उसळला. "यार, तो देश संघात राहो नाहीतर खड्ड्यात जावो! आपण इथे राहणार की नाही, ते बघायचं होतंस ना!"

दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर तिघांनाही जावं लागणार होतं. तिनं दिसेल तिथे अर्ज टाकले. क्युपर्टिनोला राहणाऱ्या कॉलेजच्या मैत्रिणीला, सावनीला, कधी नव्हे ते गळ घातली. मुलाखती व्हायच्या, हसून बोलणं व्हायचं, पण व्हिसा स्पॉन्सर करावा लागेल म्हटलं की पलीकडचा आवाज आणखीनच गोड व्हायचा आणि नंतर कुणी फोनही उचलायचं नाही.

दिवस सरत आले तशी ती एका दुपारी घरात कुणाला न सांगता गिरीशकडे गेली. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. "गिरीशदादा, सही करते मी. कुठे करायची ते सांगा."

गिरीशला तिच्याकडे बघवेना. "अगं, ते कधीच छापून आलं. आता तुझ्या सहीचं मी काय करू?"

आलंच होतं. तिकडच्या पेपरांत मोठ्या अक्षरांत तो एकच आकडा. युरोचं नाव कुठेच नाही, आणि कुणी विचारलंही नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. सही केली नाही म्हणून, की करायला आली म्हणून, तिचं तिलाही कळेना.

मग तिकिटं काढली. सोफा एका गुजराती कुटुंबानं नेला, गाडीही गेली. कादंबरी कित्येक दिवस आईशी बोलत नव्हती. शेवटच्या शनिवारी ती येऊन खोक्यांच्या मधे फरशीवर बसली आणि म्हणाली, "वॉज इट जस्ट वन क्वेश्चन?"

"हो."

"अँड नोबडी नोटिस्ड?"

"नाही, कुणालाच नाही कळलं."

कादंबरी हातातल्या चिकटपट्टीचं टोक नखानं शोधत राहिली. "मी असते ना आई, तर साइन केलं असतं."

मीनाक्षीनं काचेचा पेला वर्तमानपत्रात गुंडाळला. मग दुसरा घेतला.