दोनशे दहा फूट कुंपण

मी एसटीत कंडक्टर आहे आणि हिशेबाला पक्की आहे. हे मिरवायला सांगत नाही. पुढे माझी कशी जिरली ते नीट कळावं म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमचं घर मेडशीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. पुढे ओटा, एका अंगाला नळ, मागे गोठा आणि त्याच्या कडेला संडास. या सगळ्याभोवती लग्न झाल्यापासून मी तुराट्यांचं कुंपण बघत आले. तूर झोडून झाली की उरलेली वाळकी झाडं म्हणजे तुराट्या. त्या एकीला एक लावून उभ्या करायच्या आणि बांबूच्या आडव्या कांबीला अंबाडीच्या सुतळीनं बांधत जायचं. असं कुंपण एक वर्ष टिकतं. पावसात बुडं कुजतात, डुकरं भोकं पाडतात, आणि माघात नव्या तुराट्या आल्या की पुन्हा पहिल्यापासून. हे काम माझ्या सासूबाईंचं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या कामाला आत्याबाईंनी आम्हाला कधी हात लावू दिला नाही. मागच्या बौद्ध घरातली म्हातारी तेवढी मदतीला यायची. दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या, तेव्हापासूनची मैत्री. आत्याबाई आतून बांधायच्या, ती बाहेरून.

यंदा चैत्रात मी ठरवलं, आता पुरे. थोडे पैसे साठले होते, आणि रोज गाडीच्या खिडकीतून मला जगाची पक्की कुंपणं दिसत होती. घरचे, म्हणजे माझा नवरा, म्हणाले, "तुह्या मनानं कर." शेतीच्या कामात त्यांना कुंपण सुचतच नव्हतं. मी जे बजेट काढलं त्यात एका रुपयाची चूक नव्हती. पण आत्याबाईंचं एकटीनं घराबाहेर पडणं त्या जुन्या कुंपणावर अवलंबून होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

खरं तर आत्याबाईंवर माझा थोडा राग होता. दुपारी सव्वाचारला माझी गाडी घरासमोरून जाते, थांबत नाही. त्या वेळी आत्याबाई कुंपणाशी उभ्या असतात. मी खिडकीतून हात करते. पूर्वी त्याही करायच्या. तीन वर्षांपासून त्यांनी ते बंद केलं. नुसत्या रस्त्याकडे बघत उभ्या राहायच्या, मी कुणी परकी असल्यासारखं. कशाचा फुगारा धरला आहे ते मी कधी विचारलं नाही. मीही काही कमी नाही. तरी हात मात्र रोज करत राहिले.

तर बजेट. घेर दोनशे वीस फूट, त्यातून फाटकाचे दहा वजा, राहिले दोनशे दहा. तिकीट काढता काढता मी भाव विचारत होते. एसटीत गवंडी बसतात, तारवाले बसतात, नुकतंच कंपाउंड बांधून हात पोळलेले लोक तर फारच बसतात. विटांची भिंत पाच फूट उंच, पायासकट दोन लाख दहा हजार. तो आकडा ऐकून मी गवंड्याला सुटे पैसे द्यायचेच विसरले. सिमेंटच्या तयार फळ्या खांबांत सरकवून करतात ते कंपाउंड चौऱ्यांशी हजार, दोन दिवसांत उभं. टिनाचे पत्रे मी यादीतून आधीच काढले. उन्हाळ्यात तापतात आणि वाऱ्यात रात्रभर बडबडतात. सिमेंटचे खांब आणि लोखंडी जाळी, अठ्ठेचाळीस हजार. तेच खांब आणि काटेरी तारेचे पाच पदर, अठरा हजार. शेवटी तुराट्या. बांबू आणि सुतळी मिळून दीड-दोन हजार, आणि आत्याबाईंची मजुरी शून्य. ते शून्य लिहिताना मला काही वाटलं नाही.

माझं मन काटेरी तारेवर बसलं. स्वस्त आणि टिकाऊ. आत्याबाईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "नवं उभं राह्यल्यावर जुनं काढजो." मी हो म्हटलं.

आणि विसरले. माझ्या सुट्टीच्या दिवशी मिस्त्री फीत घेऊन आला. मधे तुराट्या असल्यावर लाइनदोरी सरळ लागत नाही म्हणाला. मी लगेच आजूबाजूच्या बायांना हाक मारली, या गं, सरपण घेऊन जा. वाळकी तुराटी चुलीत कशी झरझर पेटते हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तासाभरात कुंपणाचं सरपण झालं आणि भारे डोक्यावरून घरोघर गेले. आत्याबाईंना चतुर्थीचा उपास होता, त्या आत गाढ झोपल्या होत्या.

चारच्या सुमाराला त्या बाहेर आल्या. ओट्याच्या दोन पायऱ्या भरभर उतरल्या, डावीकडे वळल्या आणि उजवा हात कमरेच्या उंचीवर पुढे केला. हात रिकामा गेला. अर्धं पाऊल पुढे टाकून त्यांनी पुन्हा हात फिरवला. मग जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी नळापाशी होते. मिस्त्री खांबांच्या जागांवर चुना टाकत होता.

"आत्याबाई, काय पाहून राह्यल्या?" मी विचारलं.

"पोरी, कुंपण कोठी हाय?"

"काढलं ना दुपारीच," मी हसत म्हटलं.

त्या खाली मातीतच बसल्या. मी धावत समोर गेले. हातभर अंतरावर बसले, तरी त्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होते. मी त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. पापणी लवली नाही. 

मागच्या घरची म्हातारी तेवढ्यात आली. मधे आता काही उरलंच नव्हतं, ती सरळ चालत आली आणि मैत्रिणीशेजारी बसली. "आता तरी सांग तिले," ती म्हणाली. "कवापर्यंत लपवशीन?"

आत्याबाईंनी मग सांगितलं. डोळ्यांपुढे आधी कडेकडेनं अंधार आला, मग तो मधे सरकत गेला. आता ऊन आणि सावली तेवढी कळते. घरात मी पहाटे डबा घेऊन निघणार, रात्री आठला येणार, घरचे शेतात, आणि त्या घरात पन्नास वर्षं वावरलेल्या. डाळीतले खडे त्या बोटांनी वेचत होत्या आणि मी म्हणत होते, नजर किती चांगली आहे अजून.

"पन लपवलं कायले?" माझा आवाज चढला. मला रडू आलं की माझा आवाज चढतो.

"माह्या मोठ्या बहिणीचे डोळे गेले, त कामरगावले तिले खाटेवर बसवलं," त्या म्हणाल्या. "वाईट कोनं नाई केलं. जेवन हातात, पानी हातात. पन उठूच नाई देल्लं. पडशीन म्हने. वरीसभरात तिचे पायच गेले. मंग थे बी गेली. मले खाट नोको, बाई."

गोठ्यामागे चार-पाच फुटांचा एक तुकडा तेवढा शाबूत होता. तिथे एका टोकाला गांधीलमाश्यांचं घर होतं, म्हणून बायांनी त्याला हात लावला नव्हता. आत्याबाईंनी मला तिथे न्यायला लावलं, दुसऱ्या टोकाशी माझी बोटं धरून सुतळीवर ठेवली. कमरेच्या उंचीवर दोन गाठी होत्या, ठसठशीत, एकीखाली एक. "दोन म्हंजे गोठा," त्या म्हणाल्या. "एक म्हंजे नळ. तीन गाठी आल्या का संडास. चार आल्या का हिच्या घरची वाट."

त्या गाठी मी तीन वर्षं बघत होते. उगाच सुतळी वाया घालवतात म्हणून एकदा बोललेही होते. आता त्यांवर बोटं ठेवून मी थक्क झाले. या बाईला पुढे काय येणार ते कळलं होतं, आणि ते यायच्या आधी तिनं दोनशे दहा फूट जागा बोटांत उतरवून घेतली होती. पहिल्या वर्षी थोडं दिसत असताना गाठी मारल्या. यंदाच्या माघात तर सगळं कुंपण निव्वळ हातानं बांधलं, तुराटीला तुराटी चाचपून. आणि यंदा कुंपणाची ताटी अगदी सरळ झाली, असं मीच कौतुकानं म्हणाले होते. इतकं मोठं काम माझ्या अंगणात झालं आणि मी त्याची मजुरी शून्य लिहिली.

मिस्त्रीला मी थांबायला सांगितलं आणि आत्याबाईंना वाशीमला नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, उरलेला उजेड औषधानं टिकवू म्हणाले. जुन्या मोडून सरपणाला गेल्या होत्या, नवीन तुराट्या माघाशिवाय मिळणार नव्हत्या. घरच्यांनी ओट्यापासून गोठ्यापर्यंत बैलाचा कासरा बांधून दिला, पण दोर झुलायचा, आत्याबाईंचा त्यावर भरवसा बसेना. दुसऱ्या दिवशी त्या पडल्या आणि गुडघा सोलला. मग ज्याला भीत होत्या तेच झालं. त्या खाटेवर बसून राहिल्या. मी पाणी हातात द्यायचे आणि देताना मला कामरगावची बहीण आठवायची. चौथ्या दिवशी संडासला नेताना त्यांचा पाय लटपटला, तशी मी बजेटची वही पुन्हा काढली.

या वेळी भाव नाही, माल गोळा केला. मिस्त्रीकडून हातभर काटेरी तार, सिमेंटच्या फळीचा तुटका तुकडा, एक वीट आणि फूटभर जाळी, सगळं पिशवीत घालून गाडीतून आणलं आणि एकेक आत्याबाईंच्या मांडीवर ठेवायला लागले. काटेरी तार मी त्यांच्या हाती लागू न देता बाजूला केली. अठरा हजारांत मी काय आणणार होते, ते त्या क्षणी कळलं. विटेवरून त्यांनी तळवा फिरवला. "रोज हात सोलन," म्हणाल्या. सिमेंटची फळी गुळगुळीत होती, पण ती त्यांनी लगेच खाली ठेवली. "हे सारी एकसारखी हाय वो. याच्यात मी कोठी हाय ते कसं समजन?"

जाळी सगळ्यांत जास्त वेळ हातात राहिली. एकेका घरात बोट घालून त्या बघत होत्या. जाळीही एकसारखीच असते, म्हणून मी निराश होऊन उठणार होते.

"सुतळी हाय का घरात?" त्यांनी विचारलं. मी आणून दिली. त्यांनी जाळीच्या तारेला एक गाठ मारली, ओढून बघितली, हलवून बघितली. मग म्हणाल्या, "याले गाठ बसते."

अठ्ठेचाळीस हजार. त्यातले थोडे मी उसने घेतले आणि वहीत एक नवी ओळ घातली, अंबाडीची सुतळी, चार गुंड्या. मिस्त्रीला म्हटलं, तारेची सगळी टोकं बाहेरच्या बाजूला वळव, एक जरी आत राहिलं तर पैसे कापीन. त्यानं वळवली, आणि घरच्यांनी हात फिरवून पुन्हा एकदा तपासली.

जाळी उभी राहिली त्या दिवशी दोघी म्हाताऱ्या कामाला लागल्या, आत्याबाई आतून, मैत्रीण बाहेरून. खाटेवरच्या दहा दिवसांनी आत्याबाईंचे पाय कापत होते, पण बोटं नाही. एकीनं सुतळी आरपार घालायची, दुसरीनं वळसा देऊन परत करायची. "तीन," एक म्हणायची. "तीन," दुसरी म्हणायची. मी नुसती मागे फिरत होते, देवळात फिरावं तशी. मग मलाही हुक्की आली. डोळे मिटले, हात लावून निघाले, आणि नळ ओलांडून गोठा यायच्या आधीच वाट चुकले. दोघी पोट धरून हसल्या.

पुढच्या बाजूला, रस्त्याच्या अंगाला, मला पाच गाठी लागल्या. तिथे ना नळ, ना दार, काहीच नव्हतं. मला वाटलं, मोजण्यात चूक झाली.

"आत्याबाई, अठी पाच कायले?"

"अठून तुही गाडी जाते," त्या म्हणाल्या. "आवाजावरून समजते मले. तू खिडकीत असशीन म्हून उभी रायतो."

 तीन वर्षं मी हात करत होते आणि त्या आवाजाकडे तोंड करून उभ्या होत्या.

आता सव्वाचारला घर जवळ आलं की मी खिडकीतून डोकं काढून जोरात हाक मारते, आत्याबाई. पॅसेंजर हसतात, हसू देत. पाच गाठींवर एक हात ठेवून त्या दुसरा हात वर करतात. तोवर गाडी पुढे गेलेली असते, त्यामुळे तो हात होतो मागून येणाऱ्याला. एकदा एक जीपवाला थांबून विचारत होता, आजी, कुठी जाचं हाय. त्या हलवतच राहतात. मी मागच्या सीटपर्यंत जाऊन काचेतून बघते, हात खाली येईपर्यंत, आणि मग पुढच्या स्टॉपची तिकिटं काढायला परत येते.