लेबर रूममधून घरी

आमच्या देव्हाऱ्यातला संध्याकाळचा दिवा लहानपणापासून मीच लावायची. त्यामुळे बारावीनंतर मी "मला बाळंतपणं करायला शिकायचंय" म्हटलं, तेव्हा आईला एकच गोष्ट ऐकू आली. "लोकायचा विटाळ घेऊन रोज घरी येशील, मग दिवा कोण लावंल?"

आम्ही मूळचे वऱ्हाडातले, बाबांच्या कंपनीमुळे बिबवेवाडीत आलो. गाव सुटलं, विटाळ काही सुटला नाही. ताई पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, तेव्हा दवाखान्यात तिच्यासोबत एका बाईला आत जाऊ देत होते. आई दारातच थबकली, म्हणून मी गेले. आतल्या सिस्टरने ताईला हवं तेवढं ओरडू दिलं, पण घाबरू दिलं नाही. बस्स, मला तेच काम हवं होतं!

पण माझी बारावी आर्ट्सची. सदाशिव पेठेतल्या एका क्लासात चौकशीला गेले, तर काउंटरवरचे काका पेपरातून मानही वर न करता म्हणाले, "पाटी वाचता येते ना? बीएस्सी नर्सिंगला बायॉलॉजी लागतं. वर प्रवेश परीक्षा."

"मग आर्ट्सवाल्यांनी काय करायचं?"

"कविता."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तशीच उभी राहिले. शेवटी काकांनी पेपर खाली ठेवला. "अहो, जीएनएम बघा. नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा. शाखा विचारत नाहीत, इंग्रजीत मार्क बरे हवेत. त्यात बाळंतपण शिकवतातच. पुढे अनुभव घेऊन त्यातलंच खास शिक्षणही घेता येतं. आता निघा, मागे रांग आहे." मागे कुणीही नव्हतं.

जीएनएमला नंबर लागला. बाबा म्हणाले, "आईला विचार." आई म्हणाली, "जाय. पण दिव्याले हात लावायचा नाही." मीही फणकाऱ्याने म्हणाले, "नाही लावत जा!" त्या दिवसापासून दिवा आई लावू लागली आणि मी त्या वेळी मुद्दाम गॅलरीत जाऊन बसू लागले. तोंडाने कितीही म्हटलं तरी फार लागलं होतं मला. आईचा माझ्यावर राग नव्हता, तिला माझी शिसारी येते असं वाटायचं, आणि ते रागापेक्षा वाईट.

तिसऱ्या वर्षी लेबर रूमची ड्यूटी लागली. सिस्टर शेजारी उभ्या होत्या, पण पहिलं बाळ माझ्या हातात आलं. त्या संध्याकाळी घरी पोचले, तेव्हा आई काडेपेटी घेऊन देव्हाऱ्यापाशीच होती. ती काही बोलायच्या आत मीच उंबऱ्याबाहेरून खेकसले, "शिवू नको मला. आंघोळ करून येते."

"बाई सुटली का वं सुखरूप?"

"सुटली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

आई काडेपेटी घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. मग म्हणाली, "तुह्या वेळी मले कोणी इचारलं नाही. ताट तेवढं दारातून सरकवत."

मला रडूच आलं. आई उंबरा ओलांडून बाहेर आली आणि माझ्या बिनआंघोळीच्या हातात काडेपेटी ठेवून म्हणाली, "लाव. त्या बाईच्या नावानं लाव."