तातीमावशीचं गाव एका पानात

इंडोनेशियात, जावा बेटावरचं तातीमावशीचं सुंदा लोकांचं गाव १९८५ मध्ये, ऐन भातकापणीच्या तोंडावर, धरणात बुडवलं. आज भाताची वाफ तोंडावर आली आणि जर्सी सिटीतलं तिच्या लेकीचं किचन आठवलं. तिथे मी तिला आमच्या धरणविरोधी गटाचं, तिच्या गावावरचं निषेधाचं पत्रक वाचून दाखवत होतो: “मागास खेडं, असहाय शेतकरी...”

“असहाय कोण रे?” तळहातात लपणारी कापणीची सुरी दाखवत ती म्हणाली. “पातं पाहून भाताची देवी घाबरू नये म्हणून आम्ही एकेक लोंबी हळूच कापायचो. दारच्या तळ्यात मासे होते. हे लिही!”

“मावशी, एकाच पानात बसवायचंय.”

ती हसली, मला भात वाढला. आज ती नाही. तिच्या गावाबद्दल माझ्याकडे उरलंय ते फक्त माझं ते पान, तेही चुकीचं. तुमच्या ओळखीत कुणाचं गाव बुडालं असेल तर आजच त्यांच्याकडे जा आणि सांगतील ते सगळं लिहून घ्या.